शिट्टी का वाजली? हॉकी शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

हॉकीच्या मैदानाच्या कडेला पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या आईबाबांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आता का थांबवलं?’ क्रिकेट आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. कबड्डी, खो-खो शाळेत खेळलेलो असतो. हॉकीचं तसं नाही. मुलगी स्टिक खांद्याला अडकवून घरी येते, ‘आज मी दोन शॉर्ट कॉर्नर वाचवले’ असं सांगते आणि आपण ‘वा, छान’ म्हणत तिच्या ताटात भाकरी, शेंगाचटणी वाढतो. तिनं नेमकं काय केलं, हे मात्र कळलेलं नसतं. लेकराचा आनंद असा निम्मा वाया जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे. मी शाळेत हॉकी खेळले, आता भाचीच्या सामन्यांना जाते आणि दर वेळी शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी हेच समजावून सांगत असते.

हॉकीचे सगळे शब्द पाठ करायची गरज नाही. तीन गोष्टी पक्क्या करा: पाय, स्टिकची बाजू आणि डी. सामन्यातल्या बहुतेक शिट्ट्यांचा उलगडा या तिघींतूनच होतो. बाकीचे शब्द मग आपोआप त्यांच्याभोवती बसत जातात.

पाय

गोलकीपर सोडून कुणालाही चेंडू शरीरानं खेळता येत नाही. चेंडू बुटाला लागला की मुलं लगेच हात वर करून ‘फूट, फूट!’ ओरडतात. अंपायर आपला पाय किंचित उचलून त्याला हात लावतो, म्हणजे चेंडू पायाला लागला, फाऊल. इथं एक बारकावा लक्षात ठेवा, कारण कडेला सगळ्यात जास्त वाद यावरूनच होतात. चेंडू पायाला लागला म्हणजे प्रत्येक वेळी फाऊल होतोच असं नाही. पाय लागल्यानं त्या खेळाडूचा किंवा त्याच्या संघाचा फायदा झाला, किंवा त्यानं मुद्दाम पाय आडवा घातला, तरच तो गुन्हा. पायाला लागूनही चेंडू समोरच्याच संघाकडे गेला, तर अंपायर बहुधा एक हात खांद्याच्या वर, हल्ल्याच्या दिशेनं धरतो आणि खेळ चालू ठेवतो. त्याला ‘ॲडव्हान्टेज’ म्हणतात. अंपायरला दिसलं नाही म्हणून कडेनं ओरडू नका. त्याला दिसलेलं असतं, त्यानं खेळ मुद्दाम सोडलेला असतो.

फाऊलनंतर जी मिळते ती फ्री हिट. अंपायरचा आडवा हात ज्या दिशेला, त्या दिशेनं खेळणाऱ्या संघाची हिट. प्रतिस्पर्ध्यांनी ५ मीटर लांब उभं राहायचं. २००९ पासून ही हिट घेणारी मुलगी दुसऱ्या कुणाला पास न देता स्वतःच चेंडू घेऊन पळू शकते. त्याला ‘सेल्फ पास’ म्हणतात. शिट्टी वाजली तरी खेळ जणू थांबलाच नाही असं वाटतं, ते यामुळे. नव्या मुलांची पहिली चूक इथंच होते. शिट्टी ऐकली की ती उभी राहतात, मागे वळून सरांकडे बघतात आणि तोवर समोरची पोर चेंडू घेऊन निघून गेलेली असते.

स्टिकची बाजू

घरी असलेली स्टिक हातात घेऊन बघा. डाव्या बाजूला ती सपाट असते आणि मागची, म्हणजे उजवी बाजू गोलसर. चेंडू फक्त सपाट बाजूनं आणि तिच्या कडेनं खेळायचा. गोलसर बाजूनं लागला की ‘बॅक स्टिक’, म्हणजे फाऊल. उजवीकडून येणारा चेंडू सरळ अडवता येतो, पण डावीकडचा चेंडू खेळायचा तर मनगटानं स्टिक उलटी फिरवावी लागते. तो ‘रिव्हर्स’. पहिले काही महिने मुलं डाव्या बाजूला कच्ची दिसतात, त्यात त्यांचा दोष नाही. स्टिकच तशी घडवलेली आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: ‘आमचा मुलगा डावखुरा आहे, त्याच्यासाठी वेगळी स्टिक?’ तशी स्टिक नियमात बसतच नाही. सगळ्यांना एकाच प्रकारची. पण काळजी नको. हॉकीत डावा हात वर आणि उजवा हात खाली असतो. स्टिक फिरवण्याचं खरं काम वरचा डावा हात करतो, उजवा फक्त सैल धरून आधार देतो. त्यामुळे डावखुऱ्या मुलाचं काहीच अडत नाही, उलट त्याचा वरचा हात आधीपासून तयार असतो. पहिल्या दिवसापासून हात योग्य जागी ठेवायची सवय लावा, बस्स. क्रिकेटची बॅट धरल्यासारखे दोन्ही हात एकत्र धरले की स्टिक पाहिजे तशी फिरत नाही.

चेंडू खेळायच्या पद्धतींची नावं पटकन सांगते. चेंडूला स्टिक चिकटवून ढकलणं म्हणजे पुश. स्टिक मागे नेऊन मारणं म्हणजे हिट. स्टिक जमिनीलगत आणून झाडल्यासारखं मारणं म्हणजे स्लॅप. पुश करता करता चेंडू उचलणं म्हणजे फ्लिक, आणि स्टिक चेंडूखाली घालून लांब उंच टाकणं म्हणजे स्कूप. चेंडू डावी-उजवी फिरवत पुढे नेणं म्हणजे ड्रिबल. समोरच्याच्या स्टिकवरून चेंडू काढून घेणं म्हणजे टॅकल. टॅकल करताना आधी चेंडूला स्टिक लागली पाहिजे. आधी समोरच्याच्या स्टिकला किंवा पायाला लागली तर फाऊल.

फक्त एक शब्द नीट समजून घ्या, ‘ऑब्स्ट्रक्शन’. फुटबॉलमध्ये पाठ करून चेंडू लपवता येतो, हॉकीत नाही. शरीर किंवा स्टिक मध्ये घालून समोरच्याला चेंडूपर्यंत पोहोचूच दिलं नाही, तर शिट्टी वाजते. अंपायर छातीसमोर दोन्ही हातांची फुली करतो. फुटबॉल खेळून आलेली मुलं यात फार अडकतात. आमच्याकडे एक मुलगा होता, चपळ, चांगल्या पायांचा. चेंडू मिळाला की लगेच पाठ फिरवायचा आणि शिट्टी वाजली की भाबड्या चेहऱ्यानं बघायचा, ‘मी तर हातसुद्धा लावला नाही, सर!’ सरांनी त्याला आठवडाभर फक्त चेंडू समोर धरून पळायला लावलं, तेव्हा ते गेलं.

डी

गोलपोस्टसमोरची अर्धगोलासारखी रेघ म्हणजे डी. ती आखताना एकदा बघाच. आमच्या मुरमाच्या मैदानावर मुलं एक लांब दोरी घेतात, १४.६३ मीटरची, म्हणजे जुन्या हिशेबानं १६ यार्डांची. एक जण दोरीचं टोक गोलपोस्टच्या पायाशी दाबून धरतो, दुसरा ताणलेली दोरी घेऊन गोलरेषेपासून फिरत येतो आणि तिसरा त्याच्या मागून फक्की टाकत येतो. मग तेच दुसऱ्या पोस्टपासून. दोन्ही पाव-वर्तुळं तयार झाली की मध्ये एक सरळ तुकडा उरतो, ३.६६ मीटरचा, गोलपोस्टच्या रुंदीइतकाच. फक्कीनं तो जोडला की डी पूर्ण होते. सोलापूरचा वारा सुटला तर दुपारपर्यंत निम्मी फक्की उडालेली असते आणि मध्यंतरात पुन्हा टाकावी लागते.

इतकी मेहनत का, तर हॉकीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम त्या रेघेवर उभा आहे. हल्ला करणाऱ्या खेळाडूच्या स्टिकचा डीच्या आत चेंडूला स्पर्श झाला, तरच गोल. मध्यरेषेवरून कुणी कितीही जोरात मारला आणि तो सरळ जाळ्यात गेला, तरी गोल नाही. पण तोच चेंडू डीमध्ये आपल्या एखाद्या मुलीच्या स्टिकला नुसता चाटून गेला, तर गोल. म्हणून फॉरवर्ड डीत स्टिक जमिनीला लावून वाकून उभ्या असतात. त्या ‘डिफ्लेक्शन’ची वाट बघत असतात. चेंडूची फक्त दिशा बदलली की पुरे.

मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंना गोलरेषेपासून सुमारे २३ मीटरवर एक आडवी रेघ असते, तिला ‘२३’ म्हणतात. हल्ला करणाऱ्या संघाला तिच्या आत फ्री हिट मिळाली, तर चेंडू थेट डीत टाकता येत नाही, आधी तो ५ मीटर फिरवावा लागतो. मुली तिथं चेंडू घेऊन बाजूबाजूला पळताना दिसतात, ते उगाच नाही.

आता चेंडू गोलरेषेच्या बाहेर गेला तर? हल्ला करणाऱ्यांकडून गेला तर बचाव करणाऱ्यांची हिट, डीच्या टोकाच्या आसपासून. जुनी माणसं तिला अजून ‘सोळा यार्ड’ म्हणतात. बचाव करणाऱ्याच्या स्टिकला लागून चुकून गेला तर ‘लाँग कॉर्नर’. नाव कॉर्नर असलं तरी आता ती हिट कोपऱ्यातून नाही, २३च्या रेघेवरून घेतात. आणि मुद्दाम बाहेर घालवला तर ‘शॉर्ट कॉर्नर’.

शॉर्ट कॉर्नर, म्हणजेच पेनल्टी कॉर्नर

यावर थोडं थांबते, कारण आपल्या देशाची अलीकडची बरीच पदकं याच एका गोष्टीवर ठरली आहेत आणि मैदानावर बघताना सगळ्यात गोंधळही इथंच होतो.

बचाव करणाऱ्याचा डीत फाऊल झाला, पायाला चेंडू लागला तरी, की अंपायर दोन्ही हात गोलपोस्टकडे आडवे धरतो. तो पेनल्टी कॉर्नर. डीच्या बाहेर पण २३च्या आत मुद्दाम फाऊल केला, तरीही हाच. मग बचावातले फक्त पाच जण, गोलकीपर धरून, गोलरेषेच्या मागे उभे राहतात. बाकीच्यांनी मध्यरेषेपलीकडे जायचं. हल्ल्यातली एक मुलगी गोलरेषेवर, पोस्टपासून निदान १० मीटरवर चेंडू ठेवते आणि पुश करते. ती ‘इंजेक्टर’. चेंडू डीच्या बाहेर जायलाच हवा. तिथं एक जण तो थांबवतो, तो ‘स्टॉपर’. मग चेंडू पुन्हा आत येतो आणि कुणी तरी मारतं. इंजेक्टरची स्टिक चेंडूला लागली त्याच क्षणी बचावातले गोलरेषेवरून सुटतात. जो थेट मारणाऱ्याच्या अंगावर धावतो तो ‘रशर’. बचावातल्या कुणी चेंडू सुटायच्या आधीच धाव घेतली, तर त्याला मध्यरेषेपलीकडे पाठवतात आणि त्याच्या जागी दुसरं कुणी येत नाही. पाचांचे चार होतात.

कॉर्नरवरचा पहिलाच फटका ‘हिट’ असेल, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू गोलपोस्टच्या मागच्या फळीपेक्षा, म्हणजे ४६ सेंटिमीटरपेक्षा उंच जाता कामा नये. फ्लिकला ही अट नाही. त्यातूनच ‘ड्रॅग फ्लिक’ महत्त्वाचा झाला: चेंडू स्टिकवर ओढत आणून, अंग वळवून वरच्या कोपऱ्यात भिरकावायचा. हरमनप्रीत सिंग ज्यासाठी ओळखला जातो ते हेच. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं १० गोल केले, स्पर्धेत सर्वाधिक, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्ध भारताचे दोन्ही गोल त्याचेच. टोकियोत गुरजीत कौरनं पेनल्टी कॉर्नरवरच गोल करून ऑस्ट्रेलियाला १-० हरवून दिलं आणि आपल्या मुली पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत गेल्या.

आणखी एक. वेळ संपली तरी दिलेला पेनल्टी कॉर्नर पूर्ण होऊ देतात. म्हणून घड्याळ बघून टाळ्या वाजवायला घाई करू नका. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत भारत जर्मनीविरुद्ध ५-४ पुढे होता, काही सेकंद उरले होते आणि जर्मनीला कॉर्नर मिळाला. आपला गोलकीपर श्रीजेशनं तो अडवला. १९८० नंतर, ४१ वर्षांनी आपल्याला हॉकीत ऑलिम्पिक पदक मिळालं. तुमची मुलगी शॉर्ट कॉर्नर वाचवला असं सांगते, तेव्हा तिनं हेच काम केलेलं असतं. पुढच्या वेळी विचारा: तू रशर होतीस की पोस्टवर? तिचा चेहरा बघा मग.

पेनल्टी स्ट्रोक वेगळा. नक्की होणारा गोल फाऊल करून अडवला, तर गोलपोस्टपासून ६.४० मीटरवरून एकटा खेळाडू विरुद्ध गोलकीपर. आणि सामना बरोबरीत सुटला तर शूटआऊट: २३च्या रेघेवरून चेंडू घेऊन निघायचं, ८ सेकंदांत गोल करायचा, समोर फक्त गोलकीपर.

कार्डं आणि जुने नियम

हिरवं कार्ड म्हणजे २ मिनिटं बाहेर. पिवळं म्हणजे निदान ५ मिनिटं. लाल म्हणजे सामन्यातून कायमचं बाहेर, आणि त्याच्या जागी बदली खेळाडू मिळत नाही. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा वेळ भारत दहा जणांनिशी ग्रेट ब्रिटनविरुद्ध खेळला, सामना १-१ सुटला आणि शूटआऊटमध्ये आपण ४-२ जिंकलो. बचाव म्हणजे काय, हे मुलांना दाखवायचं असेल तर तो सामना दाखवा.

पूर्वी हॉकी खेळलेले काका-मामा कडेनं ‘ऑफसाइड!’ ओरडतील. हॉकीतून ऑफसाइड १९९८ मध्ये कायमचा गेला. ‘स्टिक खांद्याच्या वर गेली!’ असंही म्हणतील. आता कुणाला धोका नसेल तर खांद्यावरचा चेंडूही खेळता येतो. त्यांच्या काळात ३५ मिनिटांचे दोन भाग असायचे, आता १५ मिनिटांचे चार क्वार्टर. शालेय सामन्यांत वेळ कमी ठेवतात, ती आधी विचारून घ्या. त्या काकांना मात्र मैदानावर आवर्जून आणा. गवताच्या आणि मातीच्या मैदानावर चेंडू कसा हाताळायचा, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर गेली, पण आपल्या मुलांची सुरुवात अजून मातीवरच होते.

एक नियम मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, ‘डेंजरस’. ५ मीटरच्या आत समोर कुणी असताना गुडघ्याच्या वर उचललेला चेंडू धोकादायक धरतात. त्या वेळी अंपायर एक हात छातीवर तिरका धरतो. हॉकीचा चेंडू टणक असतो, दीडशे ग्रॅमच्या वर वजनाचा. मुरमावर खडा लागला की तो कुठूनही उसळतो. म्हणून नडगीचं शिनगार्ड आणि दातांचं माउथगार्ड यांबाबत अजिबात तडजोड करू नका. स्टिकवर खर्च कमी करा, यांवर नको. दात गेला तर परत येत नाही.

स्टिक विकत घेताना मुलाला सरळ उभं करा, स्टिक शेजारी धरा. वरचं टोक कमरेच्या हाडाशी यायला हवं. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका. शाळेचा गणवेश तसा चालतो, स्टिक चालत नाही. लांब स्टिकनं मूल वाकत नाही, ताठ उभं राहून खेळतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. सुरुवातीला लाकडी स्टिक उत्तम. भरपूर कार्बन असलेली महागडी स्टिक कडक असते, चेंडू तिच्यावरून उडतो आणि थांबवायला शिकणाऱ्याचे हाल होतात. गोलकीपरचं सामान, पॅड, किकर, चेस्टगार्ड, हेल्मेट, हे बहुतेक ठिकाणी संघाचं असतं. स्वतःचं घ्यायची घाई नको.

आपल्याकडचं ऊन विसरू नका. मार्चपासून सकाळचा सराव लवकर आटपतो तो त्यासाठीच. पाण्याची बाटली मोठी द्या. आणि कडेला उभं राहून ‘मार! मार!’ ओरडण्यापेक्षा ‘पास’ म्हणा. चांगली हॉकी चेंडू थांबवण्यात आणि योग्य जागी देण्यात असते. जोरात मारणं शेवटी येतं.

स्पर्धांचं सांगायचं तर शालेय हॉकी आणि नेहरू हॉकी या दोन्ही स्पर्धा शाळेमार्फत होतात. आधी शहर किंवा जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य. पुण्यात बालेवाडीला टर्फ आहे, पिंपरीच्या नेहरूनगरलाही आहे. विभागाला संघ गेला आणि सामना टर्फवर असला, तर एक दिवस आधी पोहोचता येईल का हे सरांना विचारा. टर्फवर चेंडू उसळत नाही, पण फार वेगानं येतो. मुरमावर सरावलेल्या मुलांची स्टिक तिथं उशिरा खाली येते. तासभर नुसतं चेंडू थांबवायला मिळालं तरी फरक पडतो. तळाला टोकदार स्टड असलेले बूट तिथं चालत नाहीत, बारीक रबरी खड्यांचे लागतात. ते नवे घेतले असतील तर आठवडाभर आधी घरी घालायला लावा, नाहीतर पहिल्याच क्वार्टरला पायाला फोड येतात.